‘दिसलं सर!’ – पितळी पत्रा, काचेचा मणी आणि मिऱ्याचं पाणी

मंडळी, आज एक जुनं खोटं कबूल करायचंय.

नववीत असताना आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. वर्षभर काचेच्या कपाटात प्लॅस्टिकच्या टोपीखाली झाकलेला. वर्षातून एकदा कांद्याचा पापुद्रा दाखवायला तो बाहेर निघायचा. वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. म्हणजे हिशेब तुम्हीच करा. माझा नंबर आला, मी डोळा लावला आणि मला दिसली ती माझीच पापणी. मागून पुढच्या नंबरवाल्याचा धक्का. सरांनी विचारलं, "दिसलं का रे?" मी म्हणालो, "दिसलं सर!" आणि बाकावर येऊन पुस्तकातली आकृती वहीत जशीच्या तशी उतरवली. दहापैकी नऊ मार्क मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळ्यांनीच केलंय, त्यात काय एवढं? खरंय. पण गेल्या काही महिन्यांत ही आठवण पुन्हा पुन्हा वर आली, कारण मी एका साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कापड दुकानदाराच्या नादी लागलो होतो. त्याच्यासारखं यंत्र घरी बनवायचं आणि त्याने पाहिलं ते आपण पाहायचं, असं ठरवलं. दोन वीकएंडमध्ये उरकेल असं वाटलं होतं. पाच लागले. आमच्या धंद्यातली सगळीच एस्टिमेट्स अशी असतात, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

तर हा दुकानदार म्हणजे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अंतोनी फान लेवेनहुक. जन्म १६३२, मृत्यू १७२३, म्हणजे नव्वदीपर्यंत जगला. ना विद्यापीठात शिकलेला, ना लॅटिन येणारा. डच सोडून दुसरी भाषा नाही. कापडाचा व्यापार आणि जोडीला गावच्या कचेरीत नोकरी. १६७३ साली डेल्फ्टमधल्याच रेनियर द ग्राफ नावाच्या डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की आमच्याकडे एक माणूस आहे, फार उत्तम सूक्ष्मदर्शक बनवतो. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला तो पुढची पन्नास वर्षं, मरेपर्यंत चालू राहिला.

त्याचा सूक्ष्मदर्शक पाहिलात तर तुम्ही हसाल. ना नळी, ना आरसा, ना स्टँड. दोन छोटे धातूचे पत्रे, आगपेटीपेक्षाही लहान. दोघांच्या मध्ये एक बारीक भोक आणि त्या भोकात दाबून बसवलेलं एकच भिंग. पाठीमागे एक टोकदार खिळा, त्यावर बघायची वस्तू चिकटवायची आणि स्क्रू फिरवून ती भिंगासमोर आणायची. मग हे सगळं थेट डोळ्याला टेकवायचं आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. बस्स. असे सुमारे पाचशे त्याने बनवले, आज जगात जेमतेम डझनभर उरलेत. त्यांपैकी उट्रेख्टच्या विद्यापीठ संग्रहालयात असलेला २६६ पट मोठं दाखवतो. त्या काळी दोन-तीन भिंगांचे, नळीचे सूक्ष्मदर्शक मिळायचे, पण त्यात प्रत्येक भिंगाचा दोष पुढच्या भिंगात आणखी मोठा होऊन यायचा. सगळं अंधुक आणि कडेने रंगीत. लेवेनहुकचं भिंग एकच, त्यामुळे दोषही एकाच भिंगाचे.

आता एकाच भिंगाने २६६ पट कसं? गणित बारावीचं आहे. सर्वसाधारण डोळ्याला वस्तू २५० मिलिमीटरवर आरामात दिसते. त्याला भिंगाच्या नाभीय अंतराने भागा, तेवढ्या पट मोठं दिसणार. आणि काचेच्या गोल मण्याचं नाभीय अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण पाऊणपट असतं. म्हणजे मणी जितका लहान तितकी ताकद जास्त. २६६ पटीसाठी मणी हवा सव्वा मिलिमीटरचा. मोहरीच्या दाण्याएवढा समजा!

आणि असा मणी करणं सोपं आहे. हे मी सांगत नाही, रॉबर्ट हुक सांगतो. १६६५ साली त्याचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक आलं, ज्यात पिसवाचं ते प्रसिद्ध भलंमोठं चित्र आहे. त्याच्या प्रस्तावनेतच कृती दिली आहे. काच दिव्याच्या ज्योतीवर वितळवून तिचा बारीक धागा ओढायचा, मग धाग्याचं टोक पुन्हा ज्योतीत धरायचं. काच आपोआप गोळा होऊन थेंब बनतो. पाककृतीच्या पुस्तकात द्यावी तशी दिली आहे.

म्हणलं, चला करूया.

पहिला वीकएंड काचेचा. प्रयोगशाळेचं सामान मिळणाऱ्या दुकानातून काचेच्या कांड्या आणि नळ्या आणल्या, ऑनलाइन एक छोटा ब्लो टॉर्च मागवला. चष्मा लावून गच्चीत बसलो. कांडी मधोमध तापवली, केशरी आणि मऊ झाली की ज्योतीबाहेर काढून दोन्ही हातांनी ओढली. केसासारखा धागा निघाला. काय सांगू, इतकं भारी वाटलं! धाग्याचं टोक ज्योतीच्या कडेला नेलं की काच स्वतःच आत आत सरकते आणि टोकाला मणी फुगत जातो. पृष्ठताण आपलं काम फुकटात करून देतो. फक्त थांबायचं कधी ते कळलं पाहिजे. दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं की मणी स्वतःच्या वजनाने ओघळतो आणि पेरूसारखा होतो. पिवळ्या ज्योतीत धरला तर काजळी बसते. काचेत बुडबुडा असेल तर तो बरोब्बर मधोमध जाऊन बसतो. चाळीसेक मणी केले, त्यातले कामाचे सहा. शिवाय एक शोध मी स्वतंत्रपणे लावला: गरम काच आणि गार काच दिसायला अगदी सारखी असते. अंगठ्यावर अजून खूण आहे.

दुसरा वीकएंड पत्र्याचा. तांबट आळीतून पितळी पत्र्याचा तुकडा आणला. दोन पट्ट्या कापल्या, त्यांत सुईने पाऊण मिलिमीटरचं भोक पाडलं. भोक मण्यापेक्षा लहानच हवं, नाहीतर कडेचा उजेड आत येऊन सगळं धुरकट दिसतं. मणी दोन पट्ट्यांच्या मध्ये आणि त्याचं देठ आडवं लपवलेलं. वस्तू हलवायला साधे ३ मिलिमीटरचे बोल्ट वापरले. इथे खरी गंमत कळली. माझा मणी दीड मिलिमीटरचा. वस्तू त्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.४ मिलिमीटरवर असेल तरच स्पष्ट दिसणार. आणि त्या बोल्टचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर! म्हणजे सगळं विश्व एका फेऱ्याच्या आतच. जरा जास्त फिरवलात की वस्तू भिंगावर आपटली, जरा कमी की नुसतं धुकं. मी काढलेल्या शिव्या आईने ऐकल्या नसाव्यात अशी आशा आहे.

पण शनिवारी रात्री मीठ दिसलं. चिमटीतल्या मिठाचा एक दाणा, खोलीएवढा मोठा, कडा फुटलेला, आत पायऱ्या पायऱ्या. वीस मिनिटं नुसता बघत बसलो.

तिसरा वीकएंड मिऱ्याच्या पाण्याचा. त्याची गोष्ट सांगायलाच हवी. मिरी तिखट का लागते, हा लेवेनहुकला पडलेला प्रश्न. मिरी त्यांच्याकडे आशियातून जहाजाने यायची. त्याला वाटलं, मिऱ्याच्या कणांना टोकं असतील आणि ती जिभेला टोचत असतील. म्हणून त्याने मिरी मऊ व्हायला पाण्यात भिजत घातली. आठवडे गेले. एप्रिल १६७६ मध्ये त्या पाण्याचा थेंब पाहिला तर टोकं राहिली बाजूला, पाण्यात असंख्य जीव वळवळत होते. काही इतके लहान की आज आपण त्यांना जिवाणू म्हणतो. ९ ऑक्टोबर १६७६ रोजी त्याने याचं लांबलचक पत्र लंडनला धाडलं.

मीही फडताळात एका बरणीत मिरी भिजत घातली होती. आठ दिवसांत पाणी गढूळ झालं आणि वास असा सुटला की आईने बरणी खिडकीबाहेर नेऊन ठेवली. "काढा करतोयस की विष?" हा प्रश्न रोज. रविवारी सकाळी काचेची नळी ओढून केसासारखी केली, बरणीत बुडवली. पाणी आपोआप वर चढलं. लेवेनहुकही पाणी असंच काचेच्या बारीक नळीत भरून बघायचा. नळी खिळ्याला चिकटवली, डोळा लावला, खिडकीकडे तोंड केलं, स्क्रू फिरवला आणि...

दिसले! लांबट, पारदर्शक, साखळ्यांसारखे जीव. हळूहळू तरंगत होते, एक तर चक्क वळला. मी ओरडलोच. बाबांना बोलावलं, त्यांना काही दिसेना. मी म्हटलं, तुमचा मोतीबिंदू झालाय म्हणून. मित्रांच्या ग्रुपवर टाकलं: ‘जमलं!’ पंधरा अंगठे आले.

संध्याकाळी सहज नळी काढून टाकली आणि रिकाम्या भिंगातून आभाळाकडे पाहिलं. जीव तिथेच होते. तेच ते, त्याच साखळ्या, डोळा फिरवला की फिरणारे.

मंडळी, ते माझ्याच डोळ्यातले होते. बुबुळामागच्या जेलीतले तंतू, ज्यांची सावली डोळ्याच्या पडद्यावर पडते. एरवी त्या सावल्या पुसट असतात, पण इतक्या बारीक भिंगातून प्रकाशाचा अगदी अरुंद झोत डोळ्यात शिरतो, म्हणून त्या ठळक होतात. म्हणजे पुन्हा तेच. नववीत पापणी, आता बुबुळ. फरक एवढाच की या वेळी मी खोटं बोललो नव्हतो, मला खरंच ‘दिसलं’ होतं. हे जास्त भयंकर आहे, नाही का? ग्रुपवर दुरुस्ती टाकली. त्याला तीन अंगठे आले.

त्या रात्री लेवेनहुकच्या पत्रांबद्दल पुन्हा वाचलं, आणि आधी ज्यावरून मी भराभर पुढे गेलो होतो तिथेच या वेळी अडकलो. त्याने नुसतं मिऱ्याचं पाणी पाहिलं नव्हतं. पावसाच्या साठलेल्या पाण्यात जीव दिसल्यावर त्याला प्रश्न पडला, हे पावसाबरोबर पडले की नंतर आले? मग त्याने एक कधी न वापरलेली चिनी मातीची थाळी घेतली, अंगणात उंचावर ठेवली, म्हणजे जमिनीवरचे शिंतोडे उडू नयेत. त्यात पडलेलं ताजं पावसाचं पाणी पाहिलं. जीव नाहीत. तेच पाणी ठेवून दिलं, रोज पाहिलं. काही दिवसांनी जीव दिसले. ज्याला आपण ‘कंट्रोल’ म्हणतो, ते हा कापड दुकानदार कोणी न शिकवता करत होता. किती लहान ते सांगायला त्याच्याकडे माप नव्हतं, म्हणून वाळूचा कण, केस यांच्याशी तुलना करून आकडे द्यायचा.

आणि तरीही त्याच्यावर विश्वास बसेना! रॉयल सोसायटीचं ब्रीदवाक्य आहे ‘नलियस इन व्हर्बा’, म्हणजे कोणाच्या नुसत्या शब्दावर विसंबू नका. लेवेनहुक आपली सर्वांत चांगली भिंगं कोणाला द्यायचा नाही, पद्धतही सांगायचा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड दाखवणार नाही, पण माझ्या मशीनवर चालतंय एवढं ऐका. त्याने आठ प्रतिष्ठित साक्षीदारांची लेखी निवेदनं पाठवली, त्यांत धर्मोपदेशकही होते. पण साक्षीदारांची सही म्हणजेही शेवटी शब्दच. सोसायटीने नेहेमिया ग्रू या वनस्पतींच्या अभ्यासकाला प्रयोग करायला सांगितलं, त्यातून काही हाती लागलं नाही. मग रॉबर्ट हुकने मनावर घेतलं. त्याने मिरी भिजत घातली, काचेच्या बारीक नळ्या केल्या आणि १५ नोव्हेंबर १६७७ च्या सभेत जीव सगळ्यांना दाखवले. बघणाऱ्यांत वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनही होता. पत्र लिहिल्यापासून वर्षाहून जास्त काळ गेला होता. १६८० साली सोसायटीने लेवेनहुकला सभासद करून घेतलं.

हे वाचून मला उलट बरं वाटलं. लंडनच्या मातब्बर मंडळींना एवढा वेळ लागला, तर मी तीन रविवारांत कसला रडतोय?

चौथा वीकएंड मी काही ‘बघायचं’ नाही असं ठरवलं. फक्त चुका वजा करायच्या. उकळून गार केलेलं पाणी नळीत भरून पाहिलं आणि त्यात काय काय दिसतं ते वहीत लिहिलं: डोळ्यातले तंतू, काचेवरचे ओरखडे, बुडबुड्यांची काळी वर्तुळं. ही झाली माझ्या यंत्राची खोटी चित्रं. पाचव्या वीकएंडला बरणीतलं पाणी घेतलं. मिऱ्याचं पाणी आता महिनाभर जुनं. नळीत जे दिसेल ते आधी वहीतल्या यादीशी ताडायचं.

सूक्ष्म ठिपके खूप दिसले, थरथरणारे. पण ते मी मोजले नाहीत. कारण निर्जीव कणही पाण्यात थरथरतात. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊनने फुलांच्या परागातले कण असेच नाचताना पाहिले (तोही एकाच भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून!) आणि मग दगडांची पूड करून पाहिली, तर तीही नाचली. तेव्हा थरथरतंय म्हणून जिवंत, असं नाही. माझे ठिपके जिवाणू असतीलही, पण माझ्या मण्याच्या जोरावर मी तसं म्हणणार नाही.

आणि मग डावीकडून एक अंडाकृती, धुरकट-पारदर्शक काहीतरी आलं. ठिपक्यांना ढकलत, सरळ. नळीच्या भिंतीपाशी थांबलं. मागे सरलं. वळलं, आणि दुसऱ्या दिशेने निघून गेलं. मी डोळा हलवला नव्हता. मागोमाग दुसरं आलं.

मी ओरडलो नाही. ग्रुपवरही टाकलं नाही. नऊ वर्षांची भाची सुट्टीसाठी आली होती, तिला बोलावलं. काय दिसेल ते मुद्दाम सांगितलं नाही. ती डोळा लावून उभी राहिली. "मामा, काही नाही दिसत." मी म्हटलं, ठीक आहे, स्क्रू अगदी थोडा फिरव. "नाही दिसत." पुन्हा. "माझी पापणीच दिसतेय." मंडळी, खरं सांगतो, माझ्या पोटात कालवलं. इतकं साधं वाक्य होतं ते! मला नववीत का नाही म्हणता आलं? तिला कुठलाच नंबर पुढे ढकलत नव्हता. दहा मिनिटं गेली असतील. मग ती एकदम गप्प झाली, आणि म्हणाली, "तो धडकला की मागे जातो. आणि मग वळतो."

मी तिला हे सांगितलं नव्हतं. ही माझी रॉयल सोसायटी.

आता गुपिताचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. लेवेनहुक भिंगं कशी बनवायचा यावर तीनशे वर्षं तर्क चालले. कोणी म्हणे घासून, कोणी म्हणे काच फुगवून. उरलेले सूक्ष्मदर्शक उघडून बघायची सोय नाही. शेवटी २०२१ साली डेल्फ्टमध्येच, त्याच्या गावात, न्यूट्रॉनचा झोत वापरून ते न उघडता आतून पाहिले गेले. उट्रेख्टच्या त्या २६६ पटीच्या सूक्ष्मदर्शकात काय निघालं? काचेचा गोल मणी, आणि त्याला तुटलेल्या धाग्याचं देठ. म्हणजे हुकच्या पुस्तकातली, १६६५ पासून छापील असलेली कृती! कमी ताकदीच्या दुसऱ्या एका सूक्ष्मदर्शकात मात्र घासलेलं भिंग होतं.

मला हे वाचून आधी थोडं हसू आलं, मग विचारात पडलो. कृती छापील होती. मणी एका संध्याकाळी होतो, माझ्यासारख्या की-बोर्ड बडवणाऱ्याकडूनही होतो. हुकला तर ती ठाऊकच होती, पण एकाच भिंगातून बघण्याचा डोळ्यांना फार त्रास होतो म्हणून तो नळीवाला सूक्ष्मदर्शक जास्त वापरायचा. लेवेनहुकने तो त्रास पन्नास वर्षं काढला. दातांवरचं किटण, रक्त, तळ्याचं पाणी, जे मिळेल ते. यंत्राची नक्कल मी केली, ती सोपी निघाली. त्या बघण्याची नक्कल करायला निघालो तेव्हा कळलं की आपण बघतो कमी आणि आकृती उतरवतो जास्त. हे जीव आणि आपले रोग यांचा संबंध पक्का व्हायला पुढे दोनशे वर्षं गेली. रॉबर्ट कॉखचं अँथ्रॅक्सवरचं काम १८७६ चं. आणि २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी कागदाचा घडीचा ‘फोल्डस्कोप’ बनवला, त्यातही असंच मण्यासारखं इवलंसं भिंग आहे. साडेतीनशे वर्षं झाली, मणी अजून रिटायर झालेला नाही :)

असो. कोणाला करून बघायचं असेल तर तीन सूचना. चष्म्याशिवाय काच तापवू नका, आणि लहान मुलांच्या हाती टॉर्च देऊ नका. सूर्याकडे भिंग कधीही धरू नका, मोकळं आभाळ किंवा दिवा पुरतो. आणि मिऱ्याची बरणी आधीपासूनच खिडकीबाहेर ठेवा, घरातली शांतता टिकेल.

काही दिसलं नाही, तर ‘नाही दिसलं’ म्हणा. स्क्रू थोडासाच फिरवायचा असतो.